चौथ्या रांगेतली टाइल

मी बस चालवतो आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. आगारातली मंडळी हेच उलटं करून सांगतात आणि हसतात. हसू देत. एकोणीस वर्षांत माझ्या बसला साधा ओरखडा नाही आणि माझ्या फोटोत एकही इमारत कललेली नाही. मला सरळ गोष्टी आवडतात. जिन्यांचे कठडे, गोदामांची शटरं, पुलाचे खांब, रिकाम्या बाकांच्या रांगा. बाकीचे लोक फुलांचे आणि सूर्यास्ताचे फोटो काढतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

म्हणूनच कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स बिघडली, तेव्हा ते मला लगेच कळलं. निदान मला तसं वाटलं.

बिघाड सापडला आमच्या बाथरूममध्ये. हौशी लोक लेन्स पारखायला टाइल्सच्या भिंतीसमोर उभे राहतात. रेघा आयत्या आखलेल्या असतात, लेन्स कुठे वाकडं दाखवते ते तिथल्या तिथे समजतं. घरच्यांना हे वेड वाटतं आणि अंघोळीची वेळ असेल तर जरा जास्तच वाटतं. त्या दिवशी मी दारात उभा राहिलो, डावा डोळा मिटला, उजवा कॅमेऱ्याच्या काचेला लावला आणि मधोमध, खालून चौथ्या रांगेतल्या टाइलवर नेम धरला. त्या टाइलची वरची रेघ मध्येच किंचित खाली गेली होती. कुणी ओल्या सिमेंटवर बोट टेकवावं, तेवढीच.

गेली लेन्स, मी म्हटलं.

पण तेव्हाच आणखी एक गोष्ट झाली, ती मी पुढे अकरा आठवडे कुणाला सांगितली नाही. मी आडवा कॅमेरा उभा धरून पाहिला. लेन्समध्ये दोष असेल तर तो लेन्सबरोबर फिरायला हवा, हे आमच्यातल्या कालच्या पोरालाही ठाऊक असतं. खळगा फिरला नाही. जिथल्या तिथे राहिला. मला एकदम अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. शेवटची सहा-सात वर्षं ते बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायचे. नातेवाईक म्हणायचे, म्हातारा शिष्ट झाला. आम्हीही तेच म्हणायचो. दवाखान्यात न्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी कॅमेरा खाली ठेवला, चहा केला आणि नवी लेन्स घ्यायची असं ठरवून टाकलं. भीती वाटली की खरेदीला निघायचं, हा माझा जुना स्वभाव आहे.

नवी म्हणजे माझ्यासाठी जुनीच. वर्षभर जादा पाळ्या करून जे साठलं होतं, त्यात कोरी लेन्स बसणार नव्हती. बायकोने बजावलं, "एकच घ्यायची. आणि ती घेतल्यावर पुन्हा तीन महिने लेन्स हा शब्द घरात काढायचा नाही." ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. मापात बसवणं तिला जमतं, तेव्हा मी वाद घातला नाही.

मग तीन आठवडे मी फोनवर नुसतं वाचत होतो. पन्नास मिलिमीटरची घ्यावी तर स्वस्त आणि कमी उजेडातही चांगली, पण खोलीचा फोटो काढायला शेजाऱ्यांच्या घरात जाऊन उभं राहावं लागणार. अठ्ठावीसची घ्यावी तर खोली मावते, पण कडा ताणल्या जातात. झूम घ्यावी तर सगळं जमतं, पण कशातच धड नाही आणि वजन असं की मान दुखावी. एकेकाचे अभिप्राय वाचून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. त्या वाचनातच मला एक वाक्य सापडलं आणि मी ते गाठीला बांधलं: हल्लीचे कॅमेरे फोटो साठवताना लेन्सचा वाकडेपणा आतल्या आत दुरुस्त करतात, त्यामुळे फोटोवर विश्वास ठेवू नका, काचेतून डोळ्याला जे दिसतं तेच खरं.

माझे फोटो सरळच येत होते. मला आता त्याचं कारण मिळालं होतं.

आमच्या शहरातले हौशी लोक जुन्या लेन्ससाठी एकाच माणसाकडे जातात. त्याला सगळे फुंकरकाका म्हणतात, कारण कुठलीही लेन्स गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो रबरी फुग्याने तिच्यावर चार वेळा वारा मारतो. दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागतं. त्याची एक पद्धत होती. अनामत ठेवायची आणि लेन्स आठवडाभर घरी न्यायची. पटली तर आपली. नाही पटली तर परत आणायची, पण कारण सांगून. ते कारण तो आपल्या बारीक अक्षरात एका चिठ्ठीवर लिहायचा, खाली तारीख घालायचा आणि चिठ्ठी दोऱ्याने लेन्सला बांधायचा, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला कळावं.

पहिली मी पन्नासची नेली. चौथ्या रांगेतली टाइल, तोच खळगा. फुंकरकाकांनी स्वतः कॅमेरा डोळ्याला लावला, रस्त्यापलीकडच्या खिडकीच्या गजांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मला तर सरळ दिसतात."

"तुमचं वय झालं, काका," मी गमतीने म्हटलं. ते हसले आणि चिठ्ठीवर लिहिलं: मध्ये किंचित खळगा.

दुसरी अठ्ठावीसची. ती परत करेपर्यंत महिना गेला, कारण मधे माझ्या सकाळच्या पाळ्या होत्या. तिच्यात खळगा मोठा होता. एक टाइल नाही, तीन टाइल्सच्या रेघा एकमेकींकडे ओढल्या गेल्या होत्या. मी बायकोला बाथरूममध्ये उभं केलं आणि कॅमेरा तिच्या डोळ्याला लावला.

"काय दिसतं?"

"टाइल्स दिसतात. घासायला झाल्यात."

"रेघा बघ. वाकड्या आहेत ना?"

"अहो, सरळ आहेत की. मी दिवसभर कापडावर रेघाच मारते, मला कळत नाही होय?"

"तुला लेन्समधलं कळत नाही," मी म्हणालो. ती खांदे उडवून निघून गेली. दुसऱ्या चिठ्ठीवर आलं: मध्ये खळगा, पहिलीपेक्षा जास्त.

तिसरी झूम. तिच्यात रेघा वाकड्या होत्याच, शिवाय मधोमध एक करडा डाग होता. काचेवर अंगठा उमटावा तसा. त्या टाइलकडे पाहिलं की टाइल पुसट व्हायची आणि शेजारच्या स्वच्छ दिसायच्या. मी लेन्स पुसली. कॅमेरा पुसला. पुन्हा पुसली. आणि मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा म्हातारा मला दर वेळी आधीपेक्षा भिकार माल गळ्यात मारतोय, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आम्हा हौशी लोकांचा फोनवर एक गट आहे, दोनेकशे जण. मी तिथे लिहिलं: फुंकरकाकांकडून जपून घ्या, तीन लेन्स नेल्या, तिन्ही सदोष, आणि माणूस तोंडावर सरळ आहे म्हणून सांगतो. पाच मिनिटांत तीस जणांनी अंगठे दिले. कुणी लिहिलं, मलाही संशय होताच. मला फार बरं वाटलं. कारण दोनशे लोकांनी मान्य केलं की दोष लेन्समध्ये आहे, तर तो दुसरीकडे कुठे असणार?

अनामत परत घ्यायला मी भर दुपारी दुकानात गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, वाक्यं जुळवून ठेवली होती. फुंकरकाका चिडलेले नव्हते. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी तिसरी चिठ्ठी लिहिली. मग दोन जुन्या चिठ्ठ्या सोडवून आणल्या आणि तिन्ही काउंटरवर ओळीने मांडल्या. तारखा क्रमाने होत्या.

"मी चाळीस वर्षं हे करतोय," ते म्हणाले. "तीन वेगवेगळ्या लेन्स. तीन वेगवेगळे बनवणारे. एकच दोष, एकाच जागी, आणि दर वेळी वाढलेला. असं होत नसतं रे."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"नाही. तुला जे दिसलं तेच तू सांगितलंस. म्हणून तर मला घोर लागला." त्यांनी खालच्या खणातून एक जाडजूड काळी लेन्स काढली. "ही बघ. कॅमेरा नको, नुसती डोळ्याला धर. उजव्या. त्या समोरच्या गजांकडे बघ."

मी धरली. डावा डोळा मिटला. मधले तीन गज कंबरेत वाकले होते आणि त्यांच्यावर करडा अंगठा होता.

"ही सगळ्यात वाईट आहे," मी म्हणालो. "हिच्यात तर गजच दिसत नाहीत."

"बरं. तशीच धरून ठेव. हलू नकोस."

काहीतरी माझ्या पापणीला लागलं. मऊ, कोमट. मी दचकून मागे सरलो. फुंकरकाकांनी आपली करंगळी लेन्सच्या पलीकडच्या तोंडातून आत घातली होती आणि तिचं टोक माझ्या डोळ्यापाशी आलं होतं.

"तिच्यात काच नाहीये," ते हळू आवाजात म्हणाले. "नुसती नळी आहे. सुट्या भागांसाठी ठेवलीय."

मी त्या नळीत बघत राहिलो. आरपार भोक होतं. दुकान, काउंटर, तीन चिठ्ठ्या, सगळं होतं तिथेच होतं आणि दोन्ही डोळ्यांनी सरळ दिसत होतं. म्हणूनच तर मला इतके दिवस कळलं नव्हतं. डावा डोळा उजव्याचं पाप झाकत होता.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आज जा, उद्या नको," फुंकरकाका म्हणाले. "तू बस चालवतोस ना?"

या शेवटच्या प्रश्नाने मी पेटलो. "तुम्ही तुमच्या नळ्या विकायचं बघा," असं काहीतरी बोललो आणि बाहेर पडलो. अनामत घ्यायलाही विसरलो.

डॉक्टरकडे मी गेलो नाही. याचं कारण सरळ आहे: पाच दिवसांनी आमची वार्षिक तपासणी होती. आधी डॉक्टरकडे गेलो असतो तर कागदावर आलं असतं, आणि कागदावर आलं की स्टिअरिंग सुटलं. स्टिअरिंग सुटलं तर मला दुसरं काय येतं? पडद्यांच्या शिलाईवर घर चालत नाही. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिची शाळा अजून कितीतरी बाकी. आणि दोन्ही डोळे उघडे असताना मला सगळं व्यवस्थित दिसतच होतं. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की कधी कधी खरंही वाटायचं.

पण भीती काही ऐकत नव्हती. तिने मला एक खोड लावली. जिथे सरळ रेघ दिसेल तिथे डावा डोळा मिटून बघायचं. दाराची चौकट, विजेचा खांब, फळीची कड, वर्तमानपत्राची ओळ. दर वेळी वाटायचं, या वेळी सरळ असेल. दर वेळी ती मध्येच खाली बसलेली असायची. जेवताना मी बायकोकडे तसं पाहिलं. तिचे कान दिसले, केस दिसले, मधे तोंड नव्हतं. ती काहीतरी विचारत होती. मी जरा बाजूला पाहिलं, तिच्या कानाच्या पलीकडे, आणि तिचा चेहरा कडेने परत आला. अण्णा असेच बघायचे. अण्णा शिष्ट झाले नव्हते. ते आम्हाला बघायला धडपडत होते आणि आम्ही त्यांना सहा वर्षं नावं ठेवत होतो.

"माझ्याशी बोलताना भिंतीकडे काय बघताय?" बायको म्हणाली.

"काही नाही. मान अवघडलीय."

तपासणीच्या दिवशी आगारातल्या छोट्या खोलीबाहेर आम्ही रांगेत बसलो. माझ्या हातांना घाम सुटला होता, मी तो पँटला पुसत होतो. शेजारचा म्हणाला, "फोटोमास्तर, तुम्हाला कसली चिंता? तुमची नजर तर घारीची." मी हसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी उजवा डोळा झाकायला सांगितला. डाव्याने मी अक्षरांचा अख्खा तक्ता वाचला, हळूहळू, एकेक अक्षर मनात ठोकून बसवत. मग त्यांनी डावा झाकायला सांगितला. समोरच्या तक्त्याच्या मध्यभागी करडा अंगठा होता. मी तक्त्याकडे तोंड करून तीच अक्षरं पाठ म्हणून दाखवली, शाळेत कविता म्हणायचो तशी. एकही अक्षर चुकलं नाही.

"वा! या वयात अशी नजर," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "फोटोग्राफी करता ना, म्हणून असेल."

शिक्का बसला. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिथल्या बाकावर मी बसलो तो उठेचना. आता मला थांबवणारं कुणीही उरलं नव्हतं. फुंकरकाकांचं मी तोंड बंद केलं होतं, दोनशे लोक माझ्या बाजूने होते, आणि डॉक्टरांनी सही केली होती. पुढचं सगळं माझ्या एकट्याच्या हातात होतं, आणि माझ्या त्या हातांवरचा माझा भरवसा उडाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. आमची मुलगी शाळेला माझ्याच बसने जाते. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण ती एका जागी टिकत नाही. तिचा थांबा शाळेच्या समोर, तिथे रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत. ती पुढच्या दाराने उतरते, बसच्या पुढून रस्ता ओलांडते आणि मधे आली की थांबून मला हात करते. मी हात करतो. मग ती धावत फाटकात शिरते. तीन वर्षांचा हा आमचा नेम.

बस थांबली. खारू उतरली. मी ब्रेकवर पाय ठेवून होतो, इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता. ती पुढे येईपर्यंत दोन क्षण होते आणि मला पट्ट्यांच्या सरळ कडा दिसल्या. खोड ती खोड. मी डावा डोळा मिटला.

पट्टे मध्ये वाकले होते, रोजच्यासारखे. त्यांच्यावर रस्ता होता, रिकामा. मी खारूची वाट बघत होतो आणि ती अजून येत नव्हती. मागून एका गाडीने भोंगा वाजवला. एकोणीस वर्षांची सवय अशी असते की रस्ता मोकळा दिसला आणि मागून भोंगा आला की पाय विचारत नाही. तो उठला.

बस वीतभर पुढे गेली.

काहीतरी बरोबर नाही हे मला कशाने कळलं, ते मी आजही सांगू शकत नाही. कदाचित बाजूला, नजरेच्या कडेला, तिच्या दप्तराचा पिवळा पट्टा हलला असेल. मी डावा डोळा उघडला आणि सगळा भार ब्रेकवर टाकला. मागे उभे असलेले लोक एकमेकांवर आदळले. खारू काचेच्या समोर होती. बरोबर मध्ये. एक हात वर, हसत. तिच्यात आणि बसमध्ये दोन पावलं नसतील. ती मघापासून तिथेच उभी होती. मी जिथे बघत होतो तिथेच ती होती, म्हणूनच ती मला दिसत नव्हती.

मी इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. किल्ली काढली.

"काय झालं? गाडी बिघडली का?" मागून एक आजोबा ओरडले.

"गाडी ठीक आहे," मी म्हणालो. "ड्रायव्हर बिघडलाय. सगळे उतरा."

खारू खिडकीखाली आली होती. "बाबा, बस का बंद केलीस?"

"तू हात केलास?"

"केला की. किती वेळ केला! तू डोळा मारत होतास ना? म्हणून मी पण मारला." तिने मारून दाखवला.

मी खाली उतरलो, तिचं मनगट धरलं आणि तिला पदपथावर नेऊन उभं केलं. मग नियंत्रण कक्षाला फोन लावला. दुसरा ड्रायव्हर पाठवा, म्हटलं. आणि माझी तपासणी खोटी आहे, तेही लिहून घ्या. पलीकडच्या बाईंनी मला ते दोनदा म्हणायला लावलं.

शाळा बुडाली म्हणून खारू खूश होती. डोळ्यांच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी पाय हलवत बसली. बायको दुकानातून निघाली होती, वाटेत होती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घालून आतपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मधे गळती झालीय, इंजेक्शनं द्यावी लागतील, गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. "पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"अकरा आठवडे झाले."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"लेन्स बदलत होतो," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. गळती तेव्हाच थांबवली असती तर बरंच वाचलं असतं, एवढं मात्र त्या म्हणाल्या. नोकरीचं मी विचारलं, त्यावर त्यांनी पहिल्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का, आणि मी अण्णांबद्दल सांगितलं. त्यांची नजर क्षणभर खारूकडे गेली. ती नजर मला दिसली, डाव्या डोळ्याने.

"मोठेपणी लक्ष ठेवायचं. आत्ताच घाबरू नका," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

आम्ही पुन्हा बाहेर येऊन बाकावर बसलो. थेंबांमुळे मला फोनवरचं एक अक्षर लागत नव्हतं. मी फोन खारूच्या हातात दिला आणि गटावर लिहायला सांगितलं. "लिही, फुंकरकाकांच्या तिन्ही लेन्स चांगल्या होत्या. लिही, माझा डोळा खराब आहे आणि मी त्यांची बदनामी केली. त्यांची माफी मागतो."

"एवढंच?"

"एवढंच. पाठव."

मिनिटभरात फोन वाजला. खारूने वाचून दाखवलं, "फुंकरकाका लिहितात, आता कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायला शीक. झूम बाजूला काढून ठेवलीय." आणि मग, "बाबा, तू रडतोयस?"

"थेंबांनी होतं तसं."

समोरच्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स होत्या, खालपासून छतापर्यंत, अगदी नीट बसवलेल्या. मी तिकडे बघायचं टाळत होतो. मग माझ्या लक्षात आलं की तिचे पाय हलायचे थांबले आहेत. मी वळून पाहिलं. तिने एका हाताने आपला डावा डोळा झाकला होता आणि भिंतीकडे टक लावून बघत होती. आत आम्ही काय बोललो ते तिने सगळं ऐकलं होतं.

"सरळ आहेत," ती म्हणाली.

"दुसरा झाक."

तिने दुसरा झाकला. ती बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो, खोडीने डावा डोळा मिटून, तिच्या कानाच्या पलीकडे, म्हणजे मला तिचा चेहरा नीट दिसेल.

"हा पण सरळ आहे, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा बघ," मी म्हणालो. "चौथ्या रांगेतली बघ."